मिनिटरावांचा सोमवार

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बसडेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी एकदा एखाद्याला नाव ठेवलं की आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगारपत्रकावर उरतं. डेपोच्या फाटकाजवळ एक काचेची खोली होती, तिच्यात ते एकतीस वर्षं टाइमकीपर म्हणून बसले. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, उशीर झाला तर कशाने झाला, हे रजिस्टरात लिहायचं, एवढंच काम. रजिस्टरात शेवटचा रकाना होता 'कारण'. उशीर झालेले ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून गयावया करायचे, "मिनिटराव, पंक्चर लिहा ना! तुमचं काय जातंय?" मिनिटरावांचं काहीच जात नव्हतं, पण हात उठायचा नाही. "कोपऱ्यावर चहा पीत उभा होतास, मी काचेतून बघितलं," म्हणायचे आणि 'ड्रायव्हरची चूक' असं स्वच्छ अक्षरात लिहायचे. शिव्या खाल्ल्या, दोनदा सायकलची हवा गेली, पण खोटं मिनिट लिहिलं नाही.

आता एवढा कडक माणूस म्हणजे छातीचाही वाघ असेल, असं तुम्हाला वाटेल. छे हो! मिनिटराव एक नंबरचे भित्रे. तो कडकपणा मुळात भीतीतूनच आलेला. आपलं एक मिनिट चुकलं तर दोन गाड्या अरुंद पुलावर समोरासमोर येतील, हे चित्र एकतीस वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही. गॅसचं बटण तीनदा बघायचं, कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलं की परत येऊन ओढून पाहायचं. फोन वाजला की आधी काळजात धस्स, मग हॅलो. त्यांच्या बायकोने एकदा चारचौघांत सांगितलं होतं, "आमच्या ह्यांना गार पाणी दिलं तरी फुंकून पितात. कधी दूध पोळलं होतं, देव जाणे."

ही बायको म्हणजे शिवणबाई. हेही नाव गल्लीनेच दिलेलं, कारण गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्याकडे शिवण शिकल्या. मशीनवर बसल्या की पाय चालायचे, हात चालायचे आणि तोंड तर चालायचंच. नवऱ्याच्या वाट्याची निर्धास्ती देवाने बहुधा चुकून त्यांनाच दिली होती. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांचे सांधे धरले. आधी सुईत दोरा जाईना, मग कात्री पेलेना, मग कपसुद्धा दोन्ही तळव्यांत धरून उचलायची वेळ आली. मशीनवर चादर पडली.

डॉक्टरांनी एक गोळी दिली. देताना दोघांना समोर बसवून बजावलं, "ही आठवड्यातून एकदाच. रोजची नाही. गुणकारी आहे, पण चेष्टेची नाही, जास्त झाली तर जिवावर बेतते. एक वार ठरवा आणि तो पाळा." वार ठरला सोमवार. काम अर्थातच मिनिटरावांकडे आलं, जगात दुसऱ्या कुणाकडे जाणार? त्यांनी गोळ्यांच्या डबीवर लाल शाईने 'सोमवार' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि सकाळी आठ वाजून दहा मिनिटं ही वेळही ठरवून टाकली. शिवणबाई हसल्या. "गाडी सोडताय की गोळी देताय?"

पण खरी अडचण वेगळीच होती. निवृत्त माणसाच्या आठवड्यातले वार हळूहळू एकमेकांत मिसळतात. वर्तमानपत्र त्यांनी बंद केलं होतं, बातम्या वाचून छातीत धडधडायचं म्हणून. टीव्हीवर शिवणबाई जुने सिनेमे लावायच्या, त्यांना कसला वार? फोन जुना, बटणांचा. त्याची तारीख कुठल्या तरी भलत्याच वर्षात अडकलेली. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, पण ते पान फाडण्याचा मान पहिल्यापासून शिवणबाईंचा. त्यांची बोटं वळेनाशी झाली आणि कॅलेंडर चार महिन्यांपूर्वीच्या एका बुधवारी थांबलं. मिनिटराव ते फाडू शकत होते. पण आपण फाडलं तर आता तिच्याने हे होणार नाही असं कबूल केल्यासारखं होईल, याची त्यांना भीती वाटायची. म्हणून घरात तो बुधवारच लटकत राहिला.

अशात त्यांच्या घरी गेम आला.

तो आणला लेकीने. ती परगावी, पाळीच्या नोकरीत. वेळ मिळेल तेव्हा फोन, जमेल तेव्हा घरी. दोन्ही हातांत धरायचं ते छोटं यंत्र तिने आईच्या मांडीवर ठेवलं. आत एक गाव होतं. ओढा, विहीर, बारा-पंधरा झाडं, आणि गावात राहणारे प्राणी. एक कासवीण शिवणकाम करायची, एक बदकीण दिवसभर चकाट्या पिटायची, आणि एक बगळा टपाल वाटायचा. ना मारामारी, ना शर्यत, ना हरणं, ना जिंकणं. झाडं लावा, मासे धरा, शेजाऱ्यांशी बोला. गावातलं घड्याळ बाहेरच्या घड्याळाबरोबर चालायचं. इकडे सकाळ झाली की तिकडे सकाळ.

"आई, डोकं शांत होतं याने," लेक म्हणाली.

"मग तू का देऊन टाकतेस?" आईने विचारलं.

"मला ना, ते गाव नोकरीसारखं वाटायला लागलं. दोन दिवस गेले नाही तर तण माजतं. बदकीण म्हणते, विसरलीस का आम्हाला? आधीच कामावर शंभर जण जाब विचारतात, त्यात बदकिणीची भर! पण काढून टाकायलाही जीव होत नाही. तुम्ही सांभाळा."

शिवणबाईंची बोटं ती बारकी बटणं दाबू शकत नव्हती. म्हणून बटणं मिनिटरावांची आणि हुकूम शिवणबाईंचा, अशी वाटणी झाली. सोफ्यावर खांद्याला खांदा लावून दोघं बसायचे. "डावीकडे घ्या. अहो, तुमचं डावं नव्हे, माझं डावं! कासविणीच्या दारात निळी फुलं लावा. बिचारीला शिवून शिवून डोळ्यांना त्रास होत असेल." कासवीण त्यांची अगदी सख्खी मैत्रीण झाली. एकदा ती आजारी पडली, तेव्हा गावातल्या दुकानातून औषध आणून द्यायचं होतं. दिलं आणि दुसऱ्या दिवशी कासवीण टुणटुणीत. शिवणबाई बघत राहिल्या. "काय गाव आहे! एका गोळीत बरी. इथे कुणी मरत नसेल ना हो?"

"नाही बहुतेक."

"मग मला हे गाव आवडतं पण आणि नाही पण," त्या म्हणाल्या, आणि लगेच हसून, "चला, मासे धरा."

लोक त्या गावात विसावा घ्यायला जातात म्हणे. मिनिटराव तिथे ड्यूटीवर जायचे. तण किती वाढलं, कुणाच्या दाराशी सामान बांधलेलं तर दिसत नाही ना, कुणी गाव सोडून चाललं तर नाही ना, अशी फेरी मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. मात्र एका गोष्टीने त्यांना मनापासून बरं वाटायचं. सकाळी यंत्र उघडलं की बगळा घंटा वाजवायचा आणि म्हणायचा, "सुप्रभात! आज सोमवार." किंवा मंगळवार, जो असेल तो. हरवलेला वार कुणीतरी रोज सकाळी हातावर आणून ठेवत होतं. टाइमकीपरला आणखी काय हवं? बगळा "आज सोमवार" म्हणाला की ते यंत्र बाजूला ठेवायचे, उठायचे, डबी घ्यायचे आणि आठ वाजून दहा मिनिटांनी गोळी द्यायचे. दोन महिने हे अगदी बिनचूक चाललं.

आणि मग नाशपाती आली.

एका गुरुवारी दुपारी त्यांनी विहिरीजवळ नाशपातीचं रोप लावलं. त्याला फळ धरायला चार दिवस लागणार होते. शिवणबाईंना त्या दिवशी फार थकवा होता, डोकं नवऱ्याच्या खांद्यावर टेकलेलं. रोपाकडे बघत त्या सहज म्हणाल्या, "हे फळताना बघायला मी असेन का हो?"

थट्टाच होती ती. त्यांच्या तोंडी असल्या थट्टा रोजच्या. पण मिनिटरावांना ती काही केल्या हसण्यावारी नेता येईना. शिवणबाई आत जाऊन पडल्यावर त्यांना लेकीचं एक बोलणं आठवलं. ती म्हणाली होती, "बाबा, काही लोक यंत्रातली तारीख पुढे करतात, म्हणजे वाट बघायला नको. मीही केलं एकदा. मग सगळं झटपट मिळालं आणि गावात जावंसंच वाटेना. आणि एकदा पुढे नेलं की मागे आणू नये म्हणतात. तण माजतं, शेजारी रुसतात."

मिनिटरावांनी दाराकडे बघितलं. घरात दुसरं कोण होतं? पण चोराच्या मनात चांदणं. त्यांनी तारीख तीन दिवस पुढे केली. ज्यांनी एकतीस वर्षांत एक मिनिट खोटं लिहिलं नाही, त्यांनी एका दमात तीन दिवस खोटे लिहिले. कुंपणानेच शेत खाल्लं! बगळ्याने घंटा वाजवली आणि खुशाल म्हणाला, "आज रविवार." ना शंका, ना चौकशी. थोडा वेळ मिनिटरावांना फार अपराधी वाटलं, आणि मग, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड पिवळ्याजर्द फळांनी लगडलेलं होतं. "अगं बाई! इतक्या लवकर?" शिवणबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला गेल्या, बोटं दुखली म्हणून तळव्यांनीच वाजवल्या. "खत घातलं," मिनिटराव म्हणाले. त्या हसण्याच्या भरात बगळा काय म्हणाला हे त्यांनी ऐकलं, पण ज्या कानाने रोज ऐकायचे त्याच कानाने ऐकलं. "सुप्रभात! आज सोमवार." त्यांचे पाय आपोआप उठले. डबी, पाणी, आठ वाजून दहा. बाहेर तेव्हा शुक्रवार होता.

डोक्याला माहीत होतं की तारीख आपणच पुढे केलीय. पण सवय काय डोक्याला विचारून चालते? घंटा वाजली की गाडी सोडायची, एवढंच त्यांच्या हाडात मुरलेलं. आणि घड्याळ मागे आणावं, तर गाव बिघडेल ही भीती. तिची कासवीण रुसली तर? म्हणून त्यांनी ते मागे आणलंच नाही.

रविवारी आणखी दोन रोपं लावली, चार दिवस पुढे. दुसऱ्या दिवशी बगळ्याचा सोमवार, गोळी. बुधवारी ओढ्यापलीकडे रोपांची रांग लावली, पुन्हा चार दिवस पुढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बगळ्याचा सोमवार. त्या सकाळी शिवणबाई पाण्याचा पेला तळव्यांत धरून थबकल्या. "अहो, गोळी परवाच झाली ना?"

मिनिटराव दुखावले. "अगं, तू मला वार शिकवतेस? टाइमकीपर होतो मी!"

"बरं बाबा. तुम्ही म्हणाल तो वार," त्या म्हणाल्या आणि गोळी गिळली. गिळताना तोंड वेडंवाकडं झालं. तोंडात कालपासून फोड आले होते, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. एवढ्याशा फोडाने नवऱ्याची रात्रीची झोप उडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ती पट्टीतली चौथी, शेवटची गोळी होती. महिना कसा भुर्रकन गेला, असं मिनिटरावांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी शिवणबाईंना ताप होता. घास तोंडात फिरेना, ओठ आतून सोलल्यासारखे लाल झाले होते. "उष्णता असेल, दुकानातून काहीतरी आणा," त्या म्हणाल्या. मिनिटराव औषधाच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवायच्या. जाड चष्मा, बोलणं कमी, आणि गिऱ्हाइकांची औषधं त्यांना तोंडपाठ. मिनिटरावांनी तोंडाला लावायचं मलम मागितलं आणि रिकामी पट्टी पुढे केली. "आणि ही एक. पुढच्या सोमवारसाठी आत्ताच नेऊन ठेवतो."

दुकानवाल्या बाईंनी पट्टी उलटसुलट केली, मग संगणकात बघितलं. "काका, ही पट्टी तुम्ही तेरा दिवसांपूर्वी नेलीत."

"काहीतरीच! महिना होत आला."

"चार गोळ्या, चार आठवडे. यातल्या दोनच संपायला हव्यात. बाकीच्या सांडल्या का?"

"सांडायला मी काय लहान आहे? दर सोमवारी एक, आठ वाजून दहा मिनिटांनी. आज मंगळवार, परवाच..." ते बोलता बोलता थांबले. परवाच काय? काल दिली होती.

"काका, आज शुक्रवार आहे," बाई म्हणाल्या.

"मंगळवार!" मिनिटराव जवळजवळ ओरडले. रांगेतले दोघंतिघं वळून बघायला लागले. बाईंनी काउंटरवरचं वर्तमानपत्र त्यांच्याकडे फिरवलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वार छापलेला होता. मिनिटरावांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मलम कुणासाठी मागितलंत?" बाईंचा आवाज बदलला होता. "काकूंच्या तोंडात फोड आलेत का? ताप आहे? काका, ऐकताय ना? मलमाने होणारं काम नाही हे. आत्ताच्या आत्ता त्यांना दवाखान्यात न्या."

तो दुकानापासून घरापर्यंतचा रस्ता सहा मिनिटांचा. मिनिटरावांनी तो हजारदा मोजलेला. त्या दिवशी तो किती मिनिटांत संपला, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

दवाखान्यात शिवणबाईंना एका वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जायचं तर तोंडाला फडकं बांधायचं, हात धुवायचे. रक्त तपासायला गेलं. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "पांढऱ्या पेशी फार खाली गेल्यात. जंतुसंसर्ग आहे की औषधाचा परिणाम, ते बघतोय. घरी कोणती औषधं चालू आहेत?"

मिनिटरावांनी गोळीचं नाव सांगितलं.

"आठवड्यातून एकदाच देता ना?"

बघा, इथे माणसाचा कस लागतो. खरं काय ते जिभेवर होतं. आणि तेवढ्यात फोन वाजला. लेक होती, दवाखान्याचं कळताच गाडीत बसलेली, आवाज रडवेला. "बाबा, आईची ती गोळी नीट देताय ना? ती फार जपून द्यावी लागते हो!"

"दर सोमवारी देतोय," मिनिटराव म्हणाले.

एक शब्द खोटा नव्हता. बगळ्याने सांगितलेल्या प्रत्येक सोमवारी त्यांनी गोळी दिली होती. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं, मान हलवली, कागदावर काहीतरी खूण केली आणि त्या आत गेल्या.

मिनिटराव बाकावर बसले. खरं सांगितलं तर लेक काय म्हणेल? 'आईला तुमच्या हातात ठेवणार नाही,' असंच म्हणेल, आणि तिचं काय चुकेल? ती आईला घेऊन जाईल. मग ते घर, चादर टाकलेलं मशीन, भिंतीवरचा बुधवार. आणि गप्प बसलं तर? कुणाला कळणार आहे? दुकानवाल्या बाई काही इथे येत नाहीत. पट्टी खिशात होती, बाहेर कचऱ्याचा डबा होता. चार पावलं. त्यांनी पट्टी खिशातून काढलीसुद्धा, आणि स्वतःचीच त्यांना अशी भीती वाटली की तशी आयुष्यात कधी कुठल्या फोनची वाटली नव्हती.

काचेपलीकडे डॉक्टरीणबाई दुसऱ्या डॉक्टरांशी बोलत होत्या. दार अर्धवट उघडं होतं. "गोळी नियमाने चाललीय म्हणतात, मग संसर्गच धरायचा का? जास्त झाली असती तर उतारा सुरू केला असता."

उतारा! म्हणजे उतारा आहे, आणि तो आपल्या एका वाक्यासाठी अडून बसलाय. अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर आलेल्या मिनिटरावांना स्पष्ट दिसल्या. ते उठले, दार ढकलून सरळ आत गेले. "कागद द्या," म्हणाले.

"काका, जरा बाहेर..."

"कागद द्या आधी!"

त्यांनी उभ्या उभ्या पाच रकाने आखले. वार कोणते हे आठवायला त्यांना झाडंच उपयोगी पडली. विहिरीजवळचं रोप गुरुवारी, म्हणजे दुसरी गोळी शुक्रवारी. दोन रोपं रविवारी, म्हणजे तिसरी सोमवारी. ओढ्यापलीकडची रांग बुधवारी, म्हणजे चौथी काल, गुरुवारी. गोळी, वार, तारीख, वेळ. चारही ओळींत वेळ एकच, आठ वाजून दहा. अक्षर तेच डेपोतलं, सुवाच्य. शेवटच्या रकान्यावर त्यांनी 'कारण' असं लिहिलं, आणि त्याखाली चारही ओळींना एक कंस करून लिहिलं, 'टाइमकीपरची चूक'. पण चारांतली पहिली गोळी बरोबर होती, हे ध्यानात येताच त्यांनी कंस खोडून खालच्या तीन ओळींपुरता केला. मग पुन्हा आठवलं की तिसरी गोळीही खऱ्या सोमवारीच पडली होती. पण ती का दिली? बगळा म्हणाला म्हणून. तो कंस त्यांनी तसाच ठेवला. खाली सही केली.

डॉक्टरीणबाईंनी कागद एकदाच वाचला आणि त्या धावत गेल्या.

लेक संध्याकाळी पोचली, तेव्हा सलाईनमधून उतारा सुरू झाला होता. मिनिटरावांनी तिला सगळं सांगितलं. बगळा, नाशपाती, तारीख, फोनवर बोललेलं ते अर्धं खरं. लेक भिंतीला टेकून उभी राहिली. ओरडली असती तर परवडलं असतं. "तारीख पुढे करायचं तुम्हाला मीच सांगितलं होतं," एवढंच म्हणाली, आणि तोंड फिरवून आईच्या खोलीच्या काचेपाशी गेली. बापाला शब्दाने बोलली नाही, आणि ते न बोलणं मिनिटरावांना शिवीपेक्षा झोंबलं.

"चार दिवस बघावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशी वर यायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी काही सांगता येणार नाही."

चार दिवस! नाशपातीला लागतात तेवढेच. पण हे चार दिवस कुठल्या बटणाने पुढे सरकणार होते? शनिवार त्यांनी त्या बाकावर काढला. सलाईनचे थेंब मोजायचे, नर्सच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते वाचायला बघायचं, दार उघडलं की दचकायचं. रविवारी ताप चढला आणि शिवणबाई नवऱ्याला ओळखेनात. त्यांनी मिनिटरावांना "दोरा संपला, दुसरं रीळ द्या" असं तीनदा सांगितलं. मिनिटराव "देतो हं" म्हणत राहिले. सोमवारी आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला, कितीतरी वेळ. यंत्र लेकीने पिशवीत आणलं होतं. "करमणूक होईल, घ्या," असं ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापाशी बोलली. मिनिटरावांनी ते उघडलं नाही. आत कासविणीच्या दारात तण माजलं असेल, याची त्यांना भीती वाटत होती. आणि बगळ्याची तर त्याहून वाटत होती.

चौथ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. "पेशी वर यायला लागल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोड्याच, पण लागल्यात. अजून धोका टळला असं म्हणणार नाही मी." लेक ओंजळीत तोंड घालून रडली. मिनिटरावांना रडू आलं नाही, त्यांची भीती एवढ्याशाने भागणारी नव्हती. त्यांनी हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं आणि आत गेले.

शिवणबाई जाग्या होत्या. चेहरा एवढासा झालेला, ओठांवर औषध थापलेलं. पण डोळे ओळखीचे होते. मिनिटराव जवळ बसले आणि हळूच म्हणाले, "झाडाला खत घातलं नव्हतं गं. मी घड्याळ पुढे केलं होतं."

"माहीत आहे," शिवणबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "इतकं झटपट कुठलं झाड फळतं? मला वाटलं, म्हातारा माझ्यासाठी कधी नव्हे ती लबाडी करतोय, करू दे." मग दम लागला म्हणून थांबल्या. "अहो, आज वार कोणता?"

मिनिटरावांना वार ठाऊक होता. चार दिवस तासातासाने मोजले होते त्यांनी. शुक्रवारी दुकानात ज्याच्यासाठी ओरडले होते, तोच मंगळवार आता खरोखर आला होता. पण तो उच्चारायला तोंड उघडेना.

"थांब हं," ते म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी नर्सच्या टेबलावरचं कॅलेंडर बघितलं. मग फरशी पुसणाऱ्या बाईंना विचारलं, मग लेकीला. लेकीने आधी नुसतं बघितलं त्यांच्याकडे, मग तिचा चेहरा बदलला आणि ती मऊ आवाजात म्हणाली, "मंगळवार, बाबा." तिन्हीकडून एकच उत्तर आलं, तरी दारापाशी पोचल्यावर ते परत फिरले आणि कॅलेंडर पुन्हा एकदा बघून आले.

आत शिवणबाई वाट बघत होत्या. मिनिटराव त्यांच्या उशापाशी उभे राहिले.

"मंगळवार," ते म्हणाले. "मी विचारून आलो."